बायोकेमिस्ट्री पाठ होत नाही, मग अभ्यास करायचा कसा? बीएस्सी फर्स्ट इयरसाठी सविस्तर उत्तर

खानापूर भागातल्या एका मुलीनं विचारलंय. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) पाहिजे तेवढे मार्क पडले नाहीत म्हणून बीएस्सीला बायोकेमिस्ट्री, केमिस्ट्री, झूलॉजी घेतलंय. स्ट्रक्चर पाठ करून करून डोकं भणभणतंय, आठ दिवसांत सगळं पुसून जातंय, सीनियर्सच्या वहीतले पाथवे (पेशीत एकामागनं एक होणाऱ्या रिअॅक्शनच्या साखळ्या) बघून आत्ताच भीती वाटायलीय, इंग्रजीत उत्तर लिहिताना हात अडतोय आणि घरात म्हणतात नीट परत दे, ह्या डिग्रीला पुढं काय आहे. मी आधी हॉस्पिटलच्या लॅबमधे काम केलंय आणि नंतर बरीच वर्षं आपल्याच भागातल्या बीएस्सीच्या मुलांना हा विषय शिकवतेय, त्यामुळं जरा लांबलचक लिहिते, निवांत वाच.

आधी मुद्द्याचं सांगते. बायोकेमिस्ट्री पाठ करायचा विषय नव्हे, हिशेबाचा विषय आहे. दुकानदार संध्याकाळी जमा-खर्च जुळवतो तसं इथं कार्बन किती आले, किती गेले, फॉस्फेट कुणी दिला, इलेक्ट्रॉन कुणी नेले हे जुळवायचं असतं. ज्या दिवशी हे जुळवायची सवय लागते त्या दिवसापासून पाठांतर अर्ध्याहून कमी होतं, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते. पीयूसीत बायोलॉजीला लाइन टू लाइन पाठ करून चांगले मार्क मिळवलेली मुलं इथं येऊन अडकतात आणि केमिस्ट्रीत बरी असलेली, बायोलॉजीत साधारण असलेली मुलं पुढं जातात, ह्याचं कारण एवढंच.

आता आपल्याकडचंच उदाहरण घेऊ कारण त्यात तुझा पहिल्या सेमिस्टरचा बराच सिलॅबस येतोय. सीझन सुरू झाला की उगार, संकेश्वर, निपाणीकडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागलेल्या असतात आणि शेतकरी जीव मुठीत धरून बसलेला असतो की आपला नंबर लवकर लागू दे. का? वजन घटतं हे एक झालं, खरं दुसरं कारण बायोकेमिस्ट्रीचं आहे. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. सुक्रोजमधे ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकाला बांधलेले असतात, म्हणजे दोघांचेही अ‍ॅनोमेरिक कार्बन अडकलेले, मोकळा आल्डिहाइड किंवा कीटोन कुठंच शिल्लक नाही, म्हणून सुक्रोज रिड्यूसिंग शुगर (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारी साखर) नाही. ऊस तोडला की त्याच्यातलाच इन्व्हर्टेज नावाचा एन्झाइम हा बाँड तोडायला लागतो, पाण्याचा एक रेणू घालून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करतो, त्यात कापलेल्या टोकातनं ल्युकोनोस्टॉकसारखे बॅक्टेरिया शिरतात, ते सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पॉलिमर बनवतात. मग कारखान्यात रिकव्हरी (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडते आणि रस चिकट झाल्यामुळं क्रिस्टल नीट होत नाहीत. तीच गोष्ट गुऱ्हाळात. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, मऊ राहतो, कारण रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलेलं असतं. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो ते बघितलंस ना, उसाचा रस जरा आंबट असतो आणि आंबट रस उकळला तर एन्झाइम नसतानाही नुसत्या अ‍ॅसिडनं सुक्रोज तुटतंय, चुना घालून पीएच वर आणला की ते तुटणं कमी होतं. खरं चुना जास्त झाला तर गूळ काळपट येतो, कारण अल्कलीत रिड्यूसिंग शुगर बिघडतात आणि रंगीत पदार्थ तयार होतात. गुळव्याला हे सगळं हाताच्या अंदाजानं माहीत असतं, तुला त्यामागचा रेणू माहीत पाहिजे.

आता हेच प्रॅक्टिकलला बघ. घरातली साखर पाण्यात विरघळवून बेनेडिक्ट टेस्ट केलीस तर निळं ते निळंच राहतं. त्याच साखरेत पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे चार थेंब घालून उकळ, मग अ‍ॅसिड न्यूट्रल कर (हे विसरायचं नाही, बेनेडिक्ट अल्कलीतच चालतो) आणि परत टेस्ट कर, विटकरी लाल येतंय. एका टेस्ट ट्यूबमधे ग्लायकोसिडिक बाँड, हायड्रोलिसिस, रिड्यूसिंग गुण तिन्ही दिसले. आणखी पुढं, सुक्रोजचं द्रावण पोलारीमीटरमधे घातलं तर प्रकाश उजवीकडं वळतो, स्पेसिफिक रोटेशन अधिक ६६.५, आणि पूर्ण तुटल्यावर तेच उणे २० च्या आसपास जातं कारण ग्लुकोज अधिक ५२.७ असला तरी फ्रुक्टोज उणे ९२ आहे, दोघांची सरासरी काढून बघ, जुळतंय. म्हणजे नुसतं रोटेशन मोजत बसलं तर किती साखर तुटली हे मिनिटामिनिटाला कळतं. १९१३ साली लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन ह्या दोघांनी हेच केलं. पुढच्या सेमिस्टरला ज्यांच्या समीकरणानं मुलं घाबरतात ते हे मायकेलिस-मेंटेन, आणि त्यांनी ज्या एन्झाइमवर काम केलं तो हाच इन्व्हर्टेज, फक्त उसाचा नव्हे तर यीस्टचा. मेंटेन बाई कॅनडाच्या डॉक्टर होत्या, बर्लिनला जाऊन हे काम केलं. त्यांच्या आधीही लोकांनी इन्व्हर्टेज मोजला होता, खरं ह्या दोघांनी बफर घालून पीएच धरून ठेवला म्हणून आकडे नीट आले. बफर म्हणजे नुसता फर्स्ट इयरचा मार्कांचा प्रश्न नाही हे एवढ्यावरनं लक्षात येईल.

आता स्ट्रक्चरचं. ग्लुकोज एकदा मन लावून काढायला शीक, सहा कार्बन, कुठला ओएच उजवीकडं कुठला डावीकडं, हात न थांबता आला पाहिजे. मग गॅलॅक्टोज वेगळा पाठ करायची गरज नाही, फक्त चौथ्या कार्बनवरचा ओएच उलटा. मॅनोज म्हणजे दुसऱ्यावरचा उलटा. फ्रुक्टोज म्हणजे कार्बोनिल पहिल्यावरनं दुसऱ्यावर आला, खालचे तीन तसेच. एक धरलं की बाकीचे फरकानं येतात. अमिनो अ‍ॅसिडचंही तसंच, वीसच्या वीस एका रात्री नको. बॅकबोन सगळ्यांचा सारखा, साइड चेन बघ आणि स्वतःला विचार, ह्याला पाणी आवडेल का, ह्याच्यावर चार्ज असेल का, हा आकारानं केवढा. ग्लायसीन, अ‍ॅलनीन, व्हॅलीन, ल्युसीन असं लहानाकडनं मोठ्याकडं जा. अ‍ॅलनीनला ओएच लावला की सिरीन, बेंझीनची रिंग लावली की फिनाइलअ‍ॅलनीन, त्या रिंगवर ओएच लावला की टायरोसीन. हिस्टिडीनवर जरा जास्त वेळ दे, त्याच्या साइड चेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) ६ च्या जवळपास आहे, म्हणजे शरीरातल्या पीएचला तो प्रोटॉन घेऊही शकतो सोडूही शकतो, म्हणून इतक्या एन्झाइमच्या अ‍ॅक्टिव्ह साइटवर तो बसलेला असतो.

पाथवेची भीती घालवायला ग्लायकोलिसिसच घेते, म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुवेट करायचा पाथवे. दहा स्टेप, दहा एन्झाइमची नावं, मुलं पोपटासारखी म्हणतात आणि मधलं एक विसरलं की पुढचं सगळं जातं. तू असं कर, कोऱ्या कागदावर ग्लुकोज काढ आणि प्रत्येक बाणापाशी थांबून विचार, हे का केलं? पहिल्या स्टेपला फॉस्फेट का लावला? लावला की रेणूवर निगेटिव्ह चार्ज येतो, मग तो पेशीच्या मेंब्रेनमधनं परत बाहेर जाऊ शकत नाही, आत अडकला. दुसऱ्या स्टेपला ग्लुकोजचं फ्रुक्टोज कशाला केलं, नुसता वेळ घालवायला? नाही. पुढं चौथ्या स्टेपला रेणू मधोमध तोडायचाय, आणि आल्डोलेज जो बाँड तोडतो तो कार्बोनिलपासून एक सोडून पुढचा असतो. कार्बोनिल पहिल्या कार्बनवर असता तर दोन आणि तीनच्या मधे तुटलं असतं, दोन कार्बनचा एक आणि चार कार्बनचा एक असे बेढब तुकडे पडले असते आणि दोन्हींसाठी वेगळे रस्ते लागले असते. कार्बोनिल दुसऱ्यावर आणला की तीन आणि चारच्या मधे तुटतं, तीन-तीनचे सारखे तुकडे, मग एकाच रस्त्यानं दोघे पुढं जातात. हे एकदा कळलं की दुसरी स्टेप तू जन्मात विसरणार नाहीस. सहाव्या स्टेपला बघ, इथं फॉस्फेट लागतोय खरं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) खर्च होत नाही, आल्डिहाइडचे इलेक्ट्रॉन एनएडी ह्या वाहकानं नेले (तो मग एनएडीएच होतो), त्यातनं जी ऊर्जा मिळाली तिच्यावर साधा इनऑरगॅनिक फॉस्फेट चिकटवला. सातव्या स्टेपला तोच फॉस्फेट एडीपीला देऊन एटीपी. आर्सेनेटचं विष इथंच काम करतं, तो फॉस्फेटसारखा दिसतो म्हणून त्याच्या जागी बसतो, खरं तो बाँड टिकत नाही, पाण्यानं लगेच तुटतो, पाथवे चालत राहतो आणि त्या स्टेपचं एटीपी मात्र मिळत नाही. मग जमा-खर्च काय राहिला? पहिल्या आणि तिसऱ्या स्टेपला मिळून दोन एटीपी घातले, सातव्या आणि दहाव्या स्टेपला मिळून चारऐवजी दोनच आले, हातात शून्य. हा हिशेब वहीत स्वतः मांड, कुणाचं बघून लिहू नको.

आणि शेवटी ऑक्सिजन कमी असताना पायरुवेटचं लॅक्टेट का होतं हा प्रश्न वायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास येतो. उत्तर एटीपी मिळवायला असं देतात मुलं, ते चूक. त्या स्टेपला एटीपी मिळतच नाही. सहाव्या स्टेपला एनएडी लागतो, तो सगळा एनएडीएच होऊन बसला तर पाथवे तिथंच थांबेल, त्याला मोकळा करायला पायरुवेटच्या गळ्यात ते इलेक्ट्रॉन घातले.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही म्हणून लॅबमधली एक गोष्ट सांगते. शुगर तपासायला रक्त घेतात ती राखाडी टोपणाची ट्यूब असते, त्यात सोडियम फ्लोराइड असतं. फ्लोराइड ग्लायकोलिसिसच्या नवव्या स्टेपचा एन्झाइम, इनोलेज, त्याला अडवतं. ट्यूबमधल्या रक्तपेशी जिवंतच असतात ना, त्या ग्लुकोज खात राहतात, साध्या ट्यूबमधे रूम टेम्परेचरला तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतंय. आता कल्पना कर, खेड्यातल्या कलेक्शन सेंटरमधे सकाळी सात वाजता साध्या ट्यूबमधे रक्त घेतलं आणि ते गाडीतनं शहरातल्या लॅबला दुपारी पोचलं, १३० शुगर असलेल्या माणसाचा रिपोर्ट शंभरच्या आत येऊ शकतो आणि तो माणूस समाधानानं घरी जातो. (फ्लोराइडही ताबडतोब काम करत नाही, पहिला तासदीड तास वरच्या एन्झाइमांचं चालूच राहतं, म्हणून सॅम्पल लवकर सेंट्रिफ्यूज केलेलं केव्हाही चांगलं.) लॅबमधे मशीन चालवणारे पुष्कळ असतात, हा रिपोर्ट असा का आला हे सांगणारा माणूस कमी असतो, आणि ते सांगता येतं ते ही नववी स्टेप समजून घेतलेली असते म्हणून.

एटीपीच्या हिशेबात अजून एक घोळ होतो तो इथंच मिटवते. जुन्या नोट्समधे एका ग्लुकोजला ३६ किंवा ३८ एटीपी लिहिलेलं असतं, नव्या पुस्तकात ३० किंवा ३२. दोन्ही बघून मुलं गोंधळतात, काहीजण सरांशी भांडतात. आधी एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला (हाही इलेक्ट्रॉन नेणाराच) २ धरत होते, आता मोजमापावरनं २.५ आणि १.५ धरतात. १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३, आणि थेट मिळालेले ४, झाले ३२. बाहेरच्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मायटोकाँड्रियात कुठल्या शटलनं गेले त्यावर ३० का ३२ ठरतं. उत्तरात कुठला आकडा धरलास ते लिही, कसा आला ते दाखव, कुठलाही समजूतदार परीक्षक मार्क देतो.

आता जिथं खरोखर पाया कच्चा राहतो ते, म्हणजे युनिट, डायल्यूशन आणि लॉग. फर्स्ट इयरला ह्याला कुणी गंभीरपणे घेत नाही आणि एमएस्सीला गेल्यावरही मुलांना १० मिलिमोलरवरनं १०० मायक्रोमोलर करता येत नाही. रोज एक गणित कर, पाच मिनिटं लागतात. हेंडरसन-हॅसलबाख समीकरण (पीएच म्हणजे पीकेए अधिक बेस भागिले अॅसिड ह्याचा लॉग) पाठ करू नको, त्यात आकडे घालून बघ. फॉस्फेटचा पीकेए ७.२, पीएच ७.२ चा बफर पाहिजे तर लॉग शून्य, म्हणजे फॉस्फेटची बेसवाली आणि अॅसिडवाली दोन्ही रूपं समान. ८.२ पाहिजे तर बेस दहास अॅसिड एक. आता विचार कर, दहास एक असताना अ‍ॅसिडवाला भाग किती कमी उरला, मग वरनं अल्कली पडली तर हा बफर किती टिकेल? पीकेएच्या एक वर एक खाली एवढ्यातच बफर का वापरायचा हे आपोआप कळलं. ट्रिस नावाचा बफर वापरताना लक्षात ठेव, त्याचा पीकेए टेम्परेचरनं हलतो, एका डिग्रीला साधारण ०.०२८. पंचवीस डिग्रीला ८.० लावून फ्रीजमधे चार डिग्रीला ठेवलास की तो ८.६ च्या घरात जातो. डिसेंबरात आपल्या बेळगावात सकाळच्या बॅचला आणि एप्रिलात दुपारच्या बॅचला एकाच बाटलीतला ट्रिस वेगळा वागतो तो ह्यामुळं.

मायकेलिस-मेंटेनचंही आकड्यानं बघ. समीकरण म्हणतं, कमाल वेगाचा किती हिस्सा मिळतो ते ग्लुकोज भागिले (केएम अधिक ग्लुकोज), आणि केएम म्हणजे निम्मा वेग गाठायला लागणारं ग्लुकोज. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर. ग्लायकोलिसिसची पहिली स्टेप करणाऱ्या एन्झाइमांपैकी मेंदू-स्नायूतल्या हेक्सोकायनेजचा केएम ०.१ च्या आसपास, लिव्हरमधल्या ग्लुकोकायनेजचा १० च्या आसपास. ५ भागिले ५.१, म्हणजे हेक्सोकायनेज ९८ टक्के वेगानं चाललाय, जेवलीस तरी त्याला फरक पडत नाही. ग्लुकोकायनेजचं ५ भागिले १५, तेहतीस टक्के, आणि जेवणानंतर १० मिलिमोलर झालं की पन्नास टक्के. (त्याचा आलेख खरं तर थोडा सिग्मॉइड (एस आकाराचा) असतो, अंदाजाला हे चालतं.) लिव्हर जेवणानंतरच ग्लुकोज का ओढून घेतं हे ह्या दोन भागाकारांत आलं.

प्रॅक्टिकलबद्दल मी जरा कडक बोलते, राग मानू नको. सीनियरच्या जर्नलमधनं रीडिंग उतरवायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. त्यानं जर्नलवर सही मिळते, हात मात्र तयार होत नाही. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग करताना लाळ पातळ केली नाहीस तर स्टार्च इतक्या पटकन संपतं की आयोडीनचा निळा रंग बघायलाही मिळत नाही, मीठ घातलं नाहीस तर एन्झाइम मंद चालतो कारण त्याला क्लोराइड लागतं. तुझी वेळ शेजारणीपेक्षा वेगळी येणारच, तुझी लाळ वेगळी. ती वेगळी आली तर तशीच लिही आणि खाली एक ओळ लिही की का आली असेल. पिपेटिंग सुधारायचं असेल तर लॅबच्या वजनकाट्यावर बीकर ठेवून १ एमएल पाणी दहा वेळा सोड, दर वेळी १ ग्रॅमच्या किती जवळ येतंय बघ. ह्याला काही खर्च नाही, कुठल्याही कॉलेजात जमतं. कलरीमीटरला ब्लँक का लावतात ते समजल्याशिवाय बटण दाबायचं नाही. लोरी पद्धतीनं प्रोटीन मोजताना जास्त कॉन्सन्ट्रेशनला ग्राफ वाकतो, तिथं पट्टी ठेवून जबरदस्तीनं सरळ रेघ मारू नको, वाकलाय तर वाकलेलाच दाखव. आपल्या बऱ्याच कॉलेजांत मोठी मशिनं नाहीत हे मान्य, खरं फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची आहे, त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातनं अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आणि ह्या पद्धतीच्या जोरावर त्यांनी आणि फिस्केंनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी शोधलं. त्याला लागणारा कलरीमीटर आणि रीएजंट तुमच्या लॅबमधे बहुतेक असणार.

इंग्रजीचं. तू मराठी मीडियमची आहेस म्हणून मागं पडत नाहीस, मागं पडतेस ते इंग्रजी वाक्य न समजता पाठ करतेस म्हणून. माझ्या मुलांना मी सांगते, कारण मराठीत समजून घ्या, मराठीतच एकमेकाला सांगा. शेजारचा कन्नड बोलणारा असेल तर त्याला कन्नड-मराठी मिसळून सांगा, आपल्याकडं तसंही लॅबमधे तेच चालतं. समजलं की मग त्याच मुद्द्यावर पाच ओळी इंग्रजीत लिहायच्या, साध्या, छोट्या, एका वाक्यात एकच गोष्ट. टर्म इंग्रजीच ठेवायच्या, त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसायचं नाही. रोज पाच ओळी, वर्षभरात तुझं तुलाच कळेल. वाक्य साधं असलं म्हणून मार्क जात नाहीत, पाथवे चुकला की जातात.

कमला सोहोनी हे नाव तुला माहीत नसेल तर सांगते, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला, नाकारणारे सी. व्ही. रामन होते, त्या हटल्या नाहीत तेव्हा अटी घालून घेतलं. तिथं त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रोटीनवर काम केलं, मग केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना वनस्पतीतही सायटोक्रोम सी असतो हे दाखवलं, १९३९ ला पीएचडी झाली. सायन्समधे पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांना म्हणतात, आणि ती पीएचडी बायोकेमिस्ट्रीतली. परत आल्यावर मुंबईत त्यांनी नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं, गरीब घरातल्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून. डाळ, बटाटा, नीरा, बघ, विषय सगळे घरातले.

नीटचं आता स्पष्ट बोलते. डॉक्टर व्हायचंच अशी तुझी स्वतःची तळमळ असेल, मार्क थोडक्यात हुकले असतील आणि घरची परिस्थिती वर्षभर थांबू देणारी असेल तर एक वर्ष पूर्ण त्यालाच दे. खरं बीएस्सी आणि नीट दोन्ही एकदम नको. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, त्यात खानापूरवरनं येणं-जाणं, असं करणाऱ्या मुलांची दोन्हीकडं ओढाताण झालेली मी बघितलीय, इंटर्नल जातात, बॅक राहतो आणि नीटलाही मार्क तेवढेच. आईवडलांना हे समोर बसून सांग, त्यांना तुझ्या डिग्रीचं पुढं काय ते कुणी सांगितलेलं नसतं म्हणून ते घाबरतात.

तर पुढं काय. कर्नाटकात २०२१ ला चार वर्षांची ऑनर्स डिग्री आली होती, २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची केली, त्यामुळं तू तीन वर्षांनी मोकळी होशील आणि ह्या विषयात काही करायचं तर एमएस्सी धरूनच चालायचं. जवळ धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, इकडं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडं बायोकेमिस्ट्री आहे. देशातल्या मोठ्या संस्थांना जायचं तर जॅमची परीक्षा, तिच्यात बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा द्यायचा, त्यात केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्सही येतं म्हणून पीयूसीची पुस्तकं रद्दीत घालू नको. सेंट्रल युनिव्हर्सिटीला सीयूईटी-पीजी, बायोटेकच्या बऱ्याच एमएस्सीला गॅट-बी. एमएस्सीनंतर नेट लाइफ सायन्सेस किंवा गेटचा एक्सएल पेपर, त्या एक्सएलमधे केमिस्ट्री सगळ्यांना कंपल्सरी आणि बायोकेमिस्ट्री निवडता येते, म्हणजे तुझं आत्ताचं कॉम्बिनेशन तिथं उपयोगी. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक कोर्सच्या अ‍ॅडमिशनला वेगळी कॅटेगरी असते, एमएस्सीला काय लागू होतं ते कोल्हापूरच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ आणि गावाचा आणि मातृभाषेचा दाखला आधीच काढून ठेव, ऐनवेळी तहसीलमधे हेलपाटे होतात.

हॉस्पिटलच्या लॅबमधे टेक्निशियन व्हायचं असेल तर नुसत्या बीएस्सी बायोकेमिस्ट्रीवर बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा किंवा डिग्री) विचारतात, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. साखर कारखान्यांच्या लॅब, डिस्टिलरी, दूध संघ, गोव्याकडच्या औषध कंपन्या इथं केमिस्ट्री पक्की असलेल्याला वाव आहे. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथं प्रोजेक्टच्या जागा निघतात, एमएस्सी झाल्यावर लक्ष ठेव. आणि सेकंड इयरला गेलीस की तीन सायन्स अकॅडमी मिळून देतात ती समर रिसर्च फेलोशिप नक्की भर. उन्हाळ्यात दोन महिने चांगल्या लॅबमधे काम करायला मिळतं, जाण्या-येण्याचा खर्च आणि स्टायपेंडही देतात. त्या फॉर्मला एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र आणि तुला काय करायचंय त्याचं छोटं लिखाण लागतं. आपल्या भागातली मुलं ती भरतच नाहीत, ते आपल्यासाठी नव्हे असं धरून चालतात. फॉर्म साधारण नोव्हेंबरपर्यंत असतो, म्हणजे आत्तापासून रोज पाच ओळी इंग्रजी लिहीत गेलीस तर ते लिखाण तुझं तूच करशील, कुणाकडनं लिहून घ्यावं लागणार नाही.